मदत हवी आहे: पिनबॉल मशीनचा डावा फ्लिपर अर्ध्या तासात ढिला पडतो

नमस्कार मंडळी,

शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. दोन वर्षांपूर्वी नवंकोरं पिनबॉल मशीन घेतलं, तळघरात ठेवलंय. वॉरंटी संपली. स्वतः मशीन उघडून दुरुस्त करणारं इथे कुणी असेल तर सल्ला हवाय.

पहिला अर्धा तास डावा फ्लिपर (बटण दाबलं की बॉल टोलवणारं पातं) ठणठणीत असतो. मग बॉल उजवा रॅम्प (चढाची वाट) चढेनासा होतो. बॉल वळणापर्यंत जातो, क्षणभर थबकतो आणि आल्या वाटेने थेट दोन फ्लिपरच्या मधून खाली. उजवा फ्लिपर मात्र तसाच दमदार. वीस मिनिटं बंद ठेवलं की डावाही पुन्हा नीट चालतो. उतार मोजला, बरोबर ६.५ अंश. रबर बदललं, प्लेफील्डला (बॉल फिरतो त्या फळीला) मेण लावलं. फरक नाही.

घरचे म्हणतात विकून टाक. मला विकायचं नाही, कारण खेळ फार सुरेख बांधलाय. उजवा रॅम्प मारला की बॉल तारेच्या रुळावरून घरंगळत बरोबर उजव्या फ्लिपरवर येतो, तिथून डावा रॅम्प, की पुन्हा डाव्या फ्लिपरवर. ती लय एकदा लागली की रात्रीचा एक वाजतो. फ्लिपर आले १९४७ साली, इथल्याच गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त. त्याआधी बॉल सोडल्यावर मशीनला धक्के देण्यापलीकडे फारसं काही हातात नसायचं. म्हणून फ्लिपरच मलूल झाला, तर मोठा पडदा आणि रंगीत दिवे असून मला त्यात राम वाटत नाही.

बांधणीवर मात्र मी नाराज आहे. ८० ग्रॅमचा पोलादी गोळा लाकडावर आदळणार म्हटल्यावर खळगे पडणारच, त्याची तक्रार नाही. पण डाव्या पोस्टच्या (फळीवरच्या खुंटीच्या) बुडाशी नखाएवढा टवका उडालाय, रंगासकट. खालचं लाकूड दिसतं. खेळाची शेवटची फेरीही मशीन घेतल्यावर वर्षभराने, सॉफ्टवेअर अपडेट म्हणून पेनड्राइव्हवरून आली.

खरी भीती इलेक्ट्रॉनिक बोर्डाची. नव्वदच्या दशकातल्या मशीनवरचा ट्रान्झिस्टर मी स्वतः सोल्डर करून बदललाय. या बोर्डावरचे भाग तिळाएवढे आहेत. दोष कॉइलचा (फ्लिपर ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) की बोर्डाचा, हे कसं ओळखू?

प्रतिसाद:
बोर्डाकडे शेवटी वळा. तांबं तापलं की रोध वाढतो, ताकद थोडी घटतेच; पण एकच बाजू पडतेय म्हणजे आधी यांत्रिक भाग बघा. प्लग काढून प्लेफील्ड उचला. कॉइलच्या आतला दांडा दोन्ही बाजूंना हाताने सरकवून बघा, अडकतो का. टोक ठोकून पसरलंय का, मागचा कॉइल स्टॉप (दांडा आदळून थांबतो तो भाग) हलतो का, स्लीव्हमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) काळी भुकटी आहे का. तेल अजिबात घालू नका. एवढं करून फरक पडला नाही आणि दोन्ही कॉइलवर एकच क्रमांक असेल, तर वायरींचा फोटो काढून कॉइलची अदलाबदल करा. दोष उजवीकडे गेला तर कॉइल बदला.

धागाकर्ता:
मनापासून आभार! आत्ताच उघडलं. डावा कॉइल स्टॉप बोटाने हलतोय, आणि दांड्याचं टोक छत्रीसारखं पसरलंय. उजव्याचं सपाट. दोन्ही बाजूंचे सुटे भाग मागवतोय.

आता त्या टवक्याचं सांगा. पोस्टखाली पारदर्शक वॉशर पुरेल, की आधी कडा चिकटवून घेऊ? रोज खेळतोय, टवका वाढेल अशी धास्ती आहे.