बॅटरी नवी, तरी सेल्फ नुसता 'टक्'

भावा, बॅटरी नवी घातलीस, हेडलाइट झकास लागतायत आणि सेल्फ मारला की नुसता 'टक्', म्हणून आता स्टार्टर उतरवायचा म्हणतोयस. जरा थांब. आधी अर्थिंग बघ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिन-बॉडीशी जोडणारी जाड पट्टी.

हेडलाइटच्या एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात, स्टार्टरला शंभराच्या वर लागतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे परतीचा करंट अर्थच्या जाड पट्टीतूनच यायला पाहिजे. ती गंजली की दिवे लागतात, पण सेल्फ मान टाकतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नको, थेट खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला टाकून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ०.५ व्होल्टच्या वर दाखवलं तर दोष अर्थमध्येच. मीटर नसेल तर जंपर केबल निगेटिव्हपासून इंजिनला लाव. सेल्फ फिरला की विषयच संपला.

माझ्या जुन्या गाडीत तर परतीचा करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून जायला लागलेला, तार हाताला चटका देत होती! उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्यानं तोवर मला दोन बॅटऱ्या विकल्या होत्या, ते सोड.

आपल्याकडच्या पावसात अर्थ पट्टीचा बॉडीकडचा बोल्ट हमखास गंजतो. निगेटिव्ह काढून तो खोल, रंग-गंज पॉलिश पेपरनं घासून धातू चमकव, घट्ट आवळ आणि मग वरून ग्रीस लाव. आधी नको. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर पट्टीच बदल.