फिल्मवरचे फोटो: खिडकीतले आजोबा असे मळकट का आले?

काचखिडकी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मामाचा पेन्टॅक्स के१००० कॅमेरा गेल्या वर्षी माझ्याकडे आला, ५० मिमी एफ २ लेन्ससकट. पहिला रोल बाहेर भर उन्हात काढला होता आणि तो फार छान आला. दुसरा रोल परवा धुऊन आला. तेव्हापासून मी हिरमुसले आहे.

या रोलमध्ये ३६ पैकी ११ फोटो आजोबांचे आहेत. आजोबांनी आयुष्यभर पुस्तकबांधणी केली. आता नजर साथ देत नाही, म्हणून घरातली शेवटची सात-आठ पुस्तकं शिवून ठेवायची असं त्यांनी ठरवलं. खिडकीपाशी बसतात, दाभणानं भोकं पाडतात, दोरा दातात धरून गाठ मारतात. मला हेच हवं होतं. फिल्म कोडॅक गोल्ड २००. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई प्रत्येक वेळी मधोमध आणूनच फोटो काढला, घाई केली नाही.

स्कॅन सोबत जोडले आहेत. दोन अडचणी आहेत. एक, आजोबांचा चेहरा काळवंडलेला, सावल्या हिरवट-राखाडी आणि सगळीकडे दाणे. खिडकीबाहेरचं झाड मात्र सुरेख. दुसरी, १७, १८ आणि १९ या तीन फोटोंवर डावीकडून नारिंगी पट्टा आलाय. १८वर सर्वांत जास्त.

लॅबनं रोल नीट धुतला नाही का? की कॅमेरा बिघडलाय? बांधायची अजून दोन पुस्तकं उरली आहेत. त्याआधी मला हे कळायला हवं.

रीळ३६

फोटोंतला भाव सुंदर आहे. १४ नंबरचा तर फारच. स्कॅन एडिटरमध्ये टाकून सावल्या उचलून बघा, थोडा मॅजेंटा (जांभळट गुलाबी) वाढवला की हिरवटपणा जाईल.

मीटरबद्दल एक शंका. जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता मिळत नाहीत, आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला की मीटर चुकीचं वाचन देतं. तसं झालं असेल का?

अंधारखोली

आधी सेलचं. इतर बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना हे लागू आहे, पण के१००० हा १.५ व्होल्टच्या साध्या बटण सेलसाठीच बनवलेला आहे, एलआर४४ चालतो. शिवाय पहिला रोल याच मीटरवर चांगला आलाय. मीटर चुकत असतं तर तोही बिघडला असता.

काचखिडकी, स्कॅन बघून मी तुम्हाला काहीच खात्रीनं सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. स्कॅनर प्रत्येक फोटोचा उजेड आणि रंग आपल्या हिशोबानं बदलतो. फिकट निगेटिव्ह (उजेड कमी पडलेली) दिसली की ओढूनताणून उजळ करतो आणि त्या ओढाताणीत दाणे वर येतात, काळ्याचा राखाडी होतो. तुम्ही नेमकं काय टिपलंत ते फक्त निगेटिव्हवर लिहिलेलं असतं. फिल्मवरचा फोटो दाखवताना धुतलेल्या निगेटिव्हची पट्टीही दाखवावी, हे मी इथे दर वेळी सांगतो. पट्टी परत आणलीत ना? अनेक जण लॅबमध्येच सोडून देतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

मोबाइलवर कोरा पांढरा स्क्रीन पूर्ण उजेडात ठेवा. त्यावर दोन-तीन इंच उंचीवर दुधी प्लास्टिकचा तुकडा धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके दिसतात. पट्टी त्यावर ठेवून तीन गोष्टी बघा:

कडेचे आकडे आणि फिल्मचं नाव ठळक आहे की पुसट?

आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी, म्हणजे गाल, कपाळ, डोळ्यांखालची सावली, काही रेघा दिसतात की नुसता फिल्मचा नारिंगी पाया?

१८ नंबरवरचा पट्टा चौकटीच्या आतच संपतो की बाहेर, फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत जातो?

काचखिडकी

पट्ट्या आहेत, सहा-सहाच्या सहा. आत्ता तासभर त्याच बघत बसले होते. निगेटिव्ह अशी बघायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कडेचे आकडे स्वच्छ आणि गडद आहेत, पहिल्या रोलशी ताडून पाहिले, अगदी तसेच. आजोबांचा चेहरा जवळजवळ कोराच आहे. कपाळावर थोडं काही दिसतं, डोळ्यांखाली काहीच नाही. खिडकीची जागा मात्र दाट काळी. आणि १८ वरचा पट्टा चौकटीत थांबत नाही. वरच्या-खालच्या भोकांवरून पार कडेपर्यंत गेलाय.

अंधारखोली

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. एकेक करून सांगतो.

कडेचे आकडे कारखान्यातच फिल्मवर उजेडानं छापलेले असतात आणि रोल धुताना ते तुमच्या फोटोंबरोबरच उमटतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. म्हणून धुण्याची पहिली परीक्षा तिथेच होते. आकडे पुसट असते तर धुण्यात खोट होती. तुमचे ठळक आहेत, म्हणजे लॅबनं काम चोख केलंय. रंगीत निगेटिव्हसाठी सी-४१ ही एकच ठरलेली प्रक्रिया असते: डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सियसला, ३ मिनिटं १५ सेकंद, मग फिल्म कुठल्याही कंपनीची असो. लॅबवरचा संशय काढून टाका.

चेहरा कोरा आहे याचा अर्थ तिथे उजेड पुरेसा पोचलाच नाही. के१००० चं मीटर सगळ्या चौकटीतला उजेड एकत्र मोजतं. आजोबा कोण, खिडकी कोण, हे त्याला कळत नाही. अर्धी चौकट झगझगीत खिडकीनं भरली की सुई म्हणते, उजेड भरपूर आहे, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बंद कर. तुम्ही सुई मधोमध आणलीत, म्हणजे तुम्ही बाहेरच्या झाडाचा फोटो काढलात. म्हणूनच झाड सुरेख आलंय. आकडे आठवत असतील तर सांगा, माझा अंदाज दोन ते तीन स्टॉप कमी उजेडाचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

आणि हे एडिटरमध्ये निघणार नाही. निगेटिव्हवर जे उमटलंच नाही ते कुठून उचलणार? निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहज सोसते, दोन-तीन स्टॉप जास्त झाले तरी फोटो निघतो. कमी उजेड तिला अजिबात सोसत नाही, एका स्टॉपलाच सावल्या मरायला लागतात. डिजिटलवर शिकलेल्यांची सवय नेमकी उलट असते, तिथे आपण उजळ भाग जपतो. निगेटिव्हवर सावली मोजायची.

पुढच्या वेळी असं करा. आजोबांच्या जवळ जा, चेहऱ्यानं चौकट भरू द्या, सुई मधोमध आणा, आकडे तसेच ठेवून मागे या आणि फोटो काढा. मागे आल्यावर सुई वर उडेल. तिकडे बघू नका. सारखं जवळ जाऊन त्यांच्या कामात व्यत्यय नको असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर पडतो तोच उजेड स्वतःच्या तळहातावर घ्या, तो मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या, कारण मीटर ज्या मध्यम राखाडीला प्रमाण धरतं तिच्यापेक्षा तळहात उजळ असतो.

पट्ट्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. त्याआधी एक सांगा, १८ नंबरचा फोटो काढल्यावर कॅमेरा कुठे होता?

काचखिडकी

आठवतंय. खिडकीतल्या फोटोंना शटर १/१२५ आणि छिद्र एफ ५.६ ठेवलं होतं. तुमचं वाचून मघाशी आजोबांना त्याच जागी, त्याच वेळी बसवलं आणि चेहऱ्याजवळ जाऊन मोजलं. सुई १/६० आणि एफ २.८ वर मधोमध आली.

१८ काढल्यावर मी फिल्म पुढे सरकवणारं लिव्हर ओढून ठेवलं आणि आजोबा आडवे झाले म्हणून कॅमेरा तिथेच खिडकीत ठेवला. दोन दिवस तिथेच होता. दुपारी तिथे ऊन येतं. त्याचं काही आहे का?

अंधारखोली

सगळं त्याचंच आहे.

आधी आकडे. १/१२५ वरून १/६० म्हणजे एक स्टॉप, ५.६ वरून २.८ म्हणजे दोन. एकूण तीन. चेहऱ्याला हवा होता त्याच्या एक अष्टमांश उजेड मिळाला.

आता पट्टा. उजेड लेन्समधून आला असता तर तो चौकटीच्या आतच राहिला असता, कारण फिल्मच्या पुढची खिडकी २४ गुणिले ३६ मिमीचीच असते. तुमचा पट्टा भोकांपर्यंत गेलाय, म्हणजे उजेड मागच्या दारातून घुसलाय. नारिंगी रंगही तेच सांगतो. रंगीत फिल्ममध्ये लाल उजेड टिपणारा थर सर्वांत खाली, पायाला लागून असतो. मागून आलेला उजेड आधी त्याच थराला गाठतो, म्हणून लालसर-नारिंगी.

आणि तीनच फोटो का? लिव्हर ओढल्यावर १९ लेन्ससमोर आला. १८ पुढे सरकून बिजागरीपाशी गेला, १७ त्याच्या पुढे, रिळाकडे. दाराची बिजागरी मागून पाहिलं तर उजवीकडे असते, आणि लेन्स प्रतिमा उलटी पाडते, म्हणून कॅमेऱ्यातली उजवी कड फोटोत डावी होते. तुमचा पट्टा डावीकडून आहे आणि १८ वर सर्वांत दाट आहे. दोन दिवस दुपारचं ऊन बिजागरीच्या फटीतून थेंबाथेंबानं आत झिरपत होतं. एरवी फिल्म लगेच पुढे सरकत असल्यानं बाकीचे फोटो वाचले.

के१००० १९७६ ते १९९७ या काळात बनला. तुमचा अगदी शेवटचा धरला तरी दारातला फोम पाव शतकाहून जुना आहे. दार उघडून बिजागरीकडच्या काळ्या पट्टीला नखानं हलकेच टेकून बघा. डांबरासारखी चिकटली तर गेली.

सावलीतला

ती पट्टी बदलणं घरी जमतं, मी दोन कॅमेऱ्यांची बदललीय. जुना फोम लाकडी काडीनं खरवडायचा, धातूनं नाही. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेल्या कापसानं पुसायचा. कॅमेरा उघडं दार खाली करून धरायचा, म्हणजे तुकडे शटरवर पडत नाहीत. शटरच्या पडद्याला बोट, कापूस, काहीच लागू द्यायचं नाही. के१००० चा पडदा कापडी आहे, त्यावर अल्कोहोल नको. मग बिजागरीपाशी नवा पातळ फोम आणि वर-खाली दाराच्या खाचांत काळी लोकर बसवायची. आरशावरच्या फोमची पट्टीही याच वयाची असते. ती गळायला लागली तर फोकसच्या काचेवर डाग पडतात, पण तिथे हात घालायचा तर आधी नीट शिकून घ्या.

सामान येईपर्यंत बिजागरीवर बाहेरून काळी इन्सुलेशन टेप लावा. आणि कॅमेरा उन्हात ठेवू नका, तो धड असला तरी.

एक मात्र वेगळं म्हणेन. १८ नंबर टाकू नका. तो पट्टा मला आवडला, खिडकीचं ऊन आत सांडल्यासारखा दिसतो.

अंधारखोली

तो पट्टा एखाद्या भिंतीवर आला असता तर मीही ठेवा म्हटलं असतं. १८ मध्ये तो नेमका आजोबांच्या उजव्या हातावरून गेलाय आणि त्या हातात सुई आहे. फोटो त्या सुईचा होता. ती गेली तर माझ्या लेखी फोटो गेला.

१४ मात्र वेगळा आहे, रीळ३६ यांनी बरोबर हेरलंय. तिथे आजोबांनी मान खिडकीकडे वळवलीय आणि उजेड थेट गालावर पडलाय. पट्टीवर त्या गालाची दाटी बघा. मिळाली तर तो वाचेल. लॅबला चेहऱ्यासाठी स्कॅन करा असं सांगून पुन्हा स्कॅन करून घ्या, झाड पांढरं पडलं तरी चालेल.

काचखिडकी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फोम डांबरासारखाच निघाला, बोट काळं झालं. बिजागरीवर टेप लावलीय, नवा फोम मागवलाय.

१४ पुन्हा स्कॅन करून घेतला, सोबत जोडलाय आणि यावेळी पट्टीचाही फोटो आहे. सावल्यांत दाणे आहेतच. पण गालावरची सुरकुती न् सुरकुती आली आणि दातात धरलेला दोरा ओठापासून पुस्तकाच्या कण्यापर्यंत सलग दिसतो. आजोबांना दाखवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तिसरा टाका सैल पडलाय." मी पुन्हा पाहिलं. खरंच सैल आहे, निगेटिव्हवरही दिसतो.

उरलेल्या दोनपैकी एक पुस्तक आज सुरू केलं त्यांनी. नवा रोल आत घातलाय, लिव्हर ओढताना रिवाइंडची कळ फिरते आहे ना तेही बघून घेतलं. चेहऱ्याजवळ जाऊन मोजलं, १/६० आणि एफ २.८. मागे आल्यावर सुई वर गेली, मी आकडे तसेच ठेवले. नऊ फोटो झालेत.

अंधारखोली

रोल धुऊन आला की आधी पट्टी इथे दाखवा, स्कॅन मागून.