ऐन संकटाच्या क्षणी तुमचं मन काय करतं? अनुभव सांगा

गेल्या जूनमधली गोष्ट. कुडाळजवळ आमच्या घरी बहिणीचा चार वर्षांचा मुलगा खळ्यात उकिडवा बसून खेळत होता. कुकरची शिट्टी लांबत जावी तसा आवाज आला. वळून पाहिलं तर त्याच्यापासून दोन हातांवर घोणस. मी ओरडले नाही, धावले नाही, नुसती उभी राहिले. घशातून आवाज फुटेना. आजी पडवीतून आली, पोराचं बखोट धरून तिने त्याला मागे ओढलं, आणि मग मी मटकन खाली बसले.

तेव्हापासून एकच प्रश्न छळतो आहे: मी काहीच का केलं नाही? पुढे वाचलं, की धोक्याची चाहूल मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या बदामाएवढ्या भागाला आधी लागते, नीट विचार करणारा भाग मागून येतो. पळणं आणि लढणं यांच्यासारखंच थिजणं हीसुद्धा शरीराची जुनी, उपजत प्रतिक्रिया आहे. हे पटतं, पण टोचणी जात नाही. तुमचं काय झालं होतं, जसं घडलं तसं लिहा.

*

औसा तालुका, ३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे चारच्या सुमारास जमीन गुरगुरली. आईने मला अक्षरशः अंगणात फेकलं. आमचं दगडमातीचं घर, वर माळवद. भिंतीतून माती गळत होती. वडील धाकटीला घेऊन बाहेर आले, तिला खाली ठेवलं, मागे फिरले आणि दार ओढून शांतपणे कडी लावली. शेताला जाताना रोज लावायचे तशी. पाचच मिनिटांत मागची भिंत बसली. कडी का लावली, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "हात गेला," एवढंच म्हणायचे. ताई, त्यांचा हात गेला, तुमचा गेला नाही. दोन्हींत ठरवून केलेलं काहीच नव्हतं.

*

वरंधा घाटात वळणावर ट्रक अंगावर आला होता. त्याच्या पुढे टांगलेलं लिंबू, त्याखालच्या मिरच्या, एक मिरची वाळून पिवळी पडलेली, सगळं दिसलं. कानात मात्र काहीच नाही. शेजारी बायको किंचाळत होती म्हणे, मला ऐकूच आलं नाही. गाडी कठड्याला घासून थांबली. मी आजही सांगेन की ते मिनिटभर चाललं होतं, ती म्हणते दोन सेकंद.

*

वरच्या अनुभवावरून आठवलं. डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाने माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं जाळ्यात पडू दिलं होतं. आपलं पडणं त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सुमारे ३६ टक्के लांब वाटलं. पण मनगटावरच्या पडद्यावर झपाट्याने बदलणारे आकडे काही त्यांना एरवीपेक्षा जास्त वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी काळ मंदावत नाही. आठवण इतकी दाट साठते, की मागे वळून पाहताना तो क्षण मोठा भासतो. तुमची पिवळी मिरची त्यातलीच असावी.

*

२६ जुलै २००५, कलिना. सांताक्रूझला त्या दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर कळलं. आम्ही पाणी पायरीवर येईपर्यंत हिशेब जुळवत बसलो होतो. "दर वर्षी तुंबतं, ओसरेल." धोका समोर असून मन तो मानायलाच तयार नव्हतं. कंबरभर पाण्यातून निघालो तेव्हा मी डबा डोक्यावर धरला होता, रिकामा.

*

मी परिचारिका आहे, २२ वर्षं. आम्ही थिजत नाही असं लोकांना वाटतं. पहिल्या वर्षी एका आजोबांचा श्वास थांबला तेव्हा मी हातात ट्रे घेऊन उभी होते. सिस्टर ओरडल्या, "तू, पलंग खाली कर!" आणि मी हलले. "कोणीतरी करा" म्हटल्यावर कोणीच हलत नाही. एका माणसाकडे बोट दाखवून एकच काम सांगायचं, हे मी तेव्हापासून प्रत्येक नवीन मुलीला शिकवते. आता हात आपोआप चालतात, कारण तेच शेकडो वेळा केलेलं असतं. भीती येतेच, फक्त उशिरा. ड्यूटी संपल्यावर बसस्टॉपवर गुडघे लटलटतात. तेव्हा बसावं, पाणी प्यावं, कोणाला तरी फोन करावा. थरथर दाबू नये.

*

धागा माझाच, म्हणून परत लिहिते. सगळं वाचून काल रात्री धीर केला आणि आजीला फोन लावला. म्हटलं, आजी, त्या दिवशी तू होतीस म्हणून, मी तर खांबासारखी उभी होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माका जनावर दिसलाच नाय गो. तुजा तोंड बगलंय नि पोराक वडलंय."