टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जीएसटीचा दर कुठे भरायचा: आयटमला (मालाच्या नोंदीला) की सेल्स लेजरला (विक्रीच्या खात्याला)?

मुनीमजी: २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, दर बदलले. तूप, फरसाण १२ टक्क्यांवरून ५वर. केसांचं तेल, टूथपेस्ट १८वरून ५वर. ज्यांनी 'विक्री ५%', 'विक्री १२%', 'विक्री १८%' अशी वेगळी लेजर ठेवली होती, तिथे बिलं करणारी मुलं सवयीने जुनंच लेजर उचलत होती. दर मालाला लागतो. मग एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) आणि दर स्टॉक आयटममध्येच भरा, लागू तारीख टाका, विक्रीचं लेजर एकच ठेवा.

कीर्दखतावणी: साहेब, माझे निम्मे क्लायंट टॅलीत स्टॉक ठेवतच नाहीत. त्यांना आयटम कुठून आणू? आणि मालवापसीचं काय? ऑगस्टमध्ये १८ टक्क्यांनी विकलेला शाम्पू ऑक्टोबरात परत आला, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची जमा-चिठ्ठी) १८नेच करायची. टॅलीने आयटममधला दर तारीख बघून उचलला की तिथे ५ येणार. वेगळं लेजर असलं की दरवार ताळाही लगेच लागतो.

मुनीमजी: स्टॉक नाही तिथे लेजर, मान्य. पण वापसी महिन्याला दोन-चार, बिलं रोज शंभर. त्या दोन-चार नोटांचा दर हाताने बदला की. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता १२मध्ये विक्री एचएसएनवार द्यावी लागते, तीही आता बीटूबी (व्यापाऱ्यांना) आणि बीटूसी (ग्राहकांना) वेगळी. एका 'विक्री १८%'मधून डिटर्जंट किती, टॉर्चचे सेल किती, कसं काढणार?

साधा_दुकानदार: मी स्टॉक ग्रुपला दर लावलाय. शे-दोनशे आयटम कोण उघडत बसणार?

मुनीमजी: तुमच्या 'साबण' ग्रुपमध्ये अंगाच्या साबणाची वडी आणि लिक्विड हँडवॉश एकत्र नाहीत ना? वडी ५, लिक्विड १८.

साधा_दुकानदार: आहेत. बघतो.

कापडपेठ: आमच्याकडे तर लेजरपद्धत चालतच नाही. २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५, त्यावर १८. २६०० चा शर्ट, १० टक्के सूट दिली की २३४०, म्हणजे ५ टक्क्यांत. काउंटरवरच्या पोराने प्रत्येक बिलाला लेजर निवडत बसायचं? आयटमला स्लॅबवार (किमतीच्या टप्प्यानुसार) दर लावून मोकळं व्हायचं.

कीर्दखतावणी: कापडवाल्यांचं पटलं. किराण्याची लेजर मात्र ३१ मार्चपर्यंत हलवणार नाही. निम्मं वर्ष एका पद्धतीने, निम्मं दुसऱ्या. मग ऑडिटरसमोर मी बसणार, मुनीमजी नाही.