जेनी विमानाचं मॉडेल: जेएन-४डी, कॅनक, ६एच यातलं खरं कोणतं?

परभणीचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. झेडपीच्या शाळेवर आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांकडून कर्टिस जेएन-४, म्हणजे 'जेनी', या जुन्या अमेरिकन बायप्लेनचं (एकावर एक दोन पंखांच्या विमानाचं) मॉडेल करून घ्यायलोय. उडवायचं नाही, वर्गात टांगायचं. बांबूच्या कामट्या आणि वर मांजरपाट. घोळ असा झालाय की प्रत्येक फोटोत विमान वेगळंच दिसायलंय. कुठं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती फळी) फक्त वरच्या पंखाला, कुठं दोन्हीला. कॉकपिटात कुठं स्टिअरिंग, कुठं दांडा. पोरं म्हणायलीत, सर, खरं कोणतं? मापंही पाहिजेत.

जुना_टर्नर (लातूर):
सर, सगळीच खरी. मी आयटीआयला वर्कशॉप शिकवायचो, पोरांना पहिल्यांदा हेच सांगायचो की ड्रॉइंग एक धरा, चार ड्रॉइंगांची खिचडी केली की जॉब कुठंच बसत नाही. जेनीचंही तसंच.

मुळात कर्टिस कंपनीची दोन मॉडेलं होती, 'जे' आणि 'एन'. दोन्हीतलं चांगलं घेऊन 'जेएन' झालं. 'जे'चं डिझाइन करणारा बी. डग्लस थॉमस इंग्लंडातल्या सॉपविथ या विमान कंपनीतून आलेला. जेएन-२ मध्ये एलेरॉन हलवायला पायलटच्या खांद्यांना जू असायचं. डावीकडं झुकलं की विमान डावीकडं! पुढं स्टिअरिंग आलं आणि १९१७ च्या जेएन-४डी मध्ये सरळ दांडा.

ओळखायची खूण एलेरॉनच. ४डी ला फक्त वरच्या पंखाला. कॅनडात टोरांटोला बनलेली ती 'कॅनक', तिला दोन्ही पंखांना, आणि दांडा तिच्यात ४डी च्या आधीच आला. जेएन-६एच लाही दोन्हीकडं. ४एच म्हणजे ९० अश्वशक्तीचं ओएक्स-५ इंजिन काढून १५० चं हिस्पानो-सुइझा बसवलेलं विमान. फोटोत एलेरॉन दोन्हीकडं दिसले तर ते ४डी नाही, खाली नाव काही का लिहिलेलं असेना.

तुम्ही ४डी च करा. वरचा पंख ४३ फूट ७ इंच, खालचा साधारण ३४ फूट, लांबी २७ फूट ४ इंच. एकास वीस धरलं तर वरचा ६६ सेंटीमीटर, खालचा ५२, लांबी ४२ च्या आत. बहुतेक लोक दोन्ही पंख सारखेच कापतात आणि चेहराच जातो. वरचा पंख दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावलाच पाहिजे. त्या डोकावणाऱ्या भागाला आधार म्हणून पंखाच्या वर छोटे खांब आणि तारा असतात, त्या विसरू नका. एका बाजूला खांबांच्या दोन जोड्या. तारेला जाड मासेमारीचा दोरा वापरा आणि बाजेची दोरी ताणतात तसा शेवटी एकदम ताण द्या, नाहीतर पंख पिळतो.

मांजरपाट बरोबर निवडलात. पहिल्या महायुद्धात आयरिश लिनन मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेनं विमानांना सुती कापडच लावलं. खळ मात्र पातळ, दोन हात.

तिकिटांचा_नाद:
जेनी म्हटलं की माझं डोकं तिकडंच जातं! १९१८ चं २४ सेंटचं टपाल तिकीट, विमान उलटं छापलेलं. १०० तिकिटांचा एकच ताव बाहेर गेला. त्यावरच्या विमानाचा नंबर ३८२६२, आणि १५ मे १९१८ ला वॉशिंग्टनहून अमेरिकेची पहिली नियमित एअरमेल घेऊन उडालं ते हेच. पायलट बॉइल उत्तरेला फिलाडेल्फियाकडं जायचा, तो गेला भलतीकडंच आणि मेरीलँडात वॉल्डॉर्फला उतरला. ते टपालाचं विमान ४एच चं होतं, पुढच्या सीटच्या जागी टपालाची पेटी. म्हणजे तिकीट बघून ४डी करू नका.

जुना_टर्नर (लातूर):
बरोबर. आणि ती टपालसेवा लष्कराकडून उभी करणारा मेजर रूबेन फ्लीट, त्यानंच १९२३ ला कन्सॉलिडेटेड कंपनी काढली. तिच्या पीटी-१ नं पुढं लष्करात जेनीची जागा घेतली. लाकडी सांगाड्याऐवजी स्टीलच्या नळ्यांचा. त्याचंच पीटी-३ झालं, पाण्यानं थंड होणारं इंजिन जाऊन हवेवर थंड होणारं व्हर्लविंड आलं. पोरांना पुढच्या वर्षी तेच द्या, वेल्डरचं पोरगं असेल तर खूश होईल.

एक कामाची गोष्ट राहिली. १९१६ ला अमेरिकन लष्कराच्या मेक्सिकोच्या मोहिमेत आठ जेएन-३ गेली होती. तिथल्या कोरड्या उन्हात लाकडी पंख्यांचे (प्रोपेलरचे) चिकटवलेले थर सुटायला लागले. महिनाभरातच बहुतेक विमानं निकामी. आपल्याकडं एप्रिलात पत्र्याच्या वर्गात तेच होणार. पंखा एकाच अखंड लाकडातून कोरा, चिकटवलेल्या पट्ट्यांचा नको.

परभणीचा_मास्तर:
आभारी आहे काका. मग ४डी पक्की. कडुनिंबाचं लाकूड चालंल का पंख्याला? शाळेमागं वाळलेली फांदी पडलीय.

जुना_टर्नर (लातूर):
चालंल. गाठ नसलेला तुकडा बघा आणि रेषा लांबीला धरा.