भाव फेकणारा एजंट की कारण सांगणारा? सौदा कुणावर सोडाल?

हरिपूरकर (धागाकर्ता)

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात चहा पिताना विषय निघाला. ओळखीच्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडे कुणीतरी सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे माणसाच्या वतीनं सौदा करणारा प्रोग्राम, विकायला आलं होतं. खरेदीदाराचा एजंट आणि यांचा एजंट आपसात भाव ठरवणार, माणसानं फक्त शेवटी हो म्हणायचं. डेमोत दोघं आकडे फेकत होते. १८०. १६५. १७५. १६८. शेवटी १७२ ला गाडी थांबली आणि सगळे खूश.

मला हे पटलं नाही. नुसते आकडे फेकणारी यंत्रं एकमेकांसमोर ठेवली की काय होतं, ते २०११ साली अॅमेझॉनवर दिसलं होतं. माशीवरच्या एका जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचे दोन विक्रेते. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट भाव लावायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या साधारण १.२७ पट. रोज एक फेरी. असं करत करत किंमत २.३ कोटी डॉलरच्या वर गेली, तेव्हा कुठे माणसाच्या ध्यानात आलं. दोघांपैकी एकालाही ‘का रे बाबा?’ एवढं विचारायची सोय नव्हती.

याच व्यापाऱ्याची गेल्या हंगामातली गोष्ट घ्या. खरेदीदार १६५ च्या वर सरकेना. तासभर फोन झाल्यावर कळलं की त्याचं गोडाऊन भरलंय, माल आत्ता उचलला तर ठेवायचा कुठे ही त्याची अडचण. आमच्या माणसाकडे कोल्ड स्टोरेजमध्ये जागा होती. दसऱ्यापर्यंत माल इथंच राहू दे म्हटल्यावर तोच गडी १७८ ला तयार झाला. अडलं होतं जागेवर, आणि भांडण चाललं होतं भावावर. आकडे फेकणाऱ्या एजंटाला हे जन्मात कळलं नसतं.

संशोधनात याला युक्तिवादावर आधारलेली वाटाघाट म्हणतात. क्राउस, सिकारा आणि एव्हेनचिक यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात एजंट प्रस्तावाबरोबर कारणही देतो: धमकी, पुढच्या फायद्याचं आश्वासन, मागे दिलेल्या शब्दाची आठवण, चालू रिवाजाचा दाखला, ‘यात तुझंच हित आहे’ हे पटवणं. यातलं काय आपल्या यार्डात चालत नाही सांगा? माझं मत: कारण सांगता न येणाऱ्या एजंटाच्या हाती एक पोतंही देऊ नये.

गणपती_पेठ

हरिपूरकर, चाळीस वर्षं हळदीत काढली. कारण न सांगता भाव पाडणारा खरेदीदार मला अजून भेटायचाय. ओल आहे, रंग मेला, गड्डा जास्त, वरनं मागणी नाही. कारणांचा तुटवडा बाजारात कधी होता?

उलट खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलाचा सौदा बघा. रुमालाखाली हात, बोटांवर भाव, तोंडातनं अवाक्षर नाही. जो बोलतच नाही तो खोटं कसं बोलणार? आणि तुमच्या गोष्टीतला खरेदीदार ‘गोडाऊन भरलंय’ बोलून बसला. तुमचा माणूस सज्जन निघाला म्हणून निभावलं. माझ्यासारख्यानं त्याला १८५ ला वाकवला असता. माझा एजंट अशी माझी अडचण परक्याला सांगत सुटला तर त्याच दिवशी बंद करीन.

निवृत्त_मास्तर

दोघांचंही अर्धं बरोबर. हरिपूरकर, तुम्ही ज्या युक्तिवादाची गोष्ट करताय त्याचं एक पायाभूत गणित फान मिन्ह डुंग यांच्या १९९५ च्या लेखात आहे. त्यांच्या चौकटीत युक्तिवाद म्हणजे कागदावरचा ठिपका आणि हल्ला म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. विकणारा म्हणतो, माल उत्तम. घेणारा हल्ला करतो, ओल जास्त. विकणारा त्यावर प्रतिहल्ला करतो, मोजणी पावसात झाली, ती धरू नका. तिसरा ठिपका दुसऱ्याला पाडतो, म्हणून पहिला परत उभा राहतो. गणित देखणं आहे. पण ठिपक्याच्या आत खरं आहे की खोटं, हे गणित बघतच नाही. पाऊस पडलाच नसेल तरी युक्तिवाद जिंकतो.

या पद्धतीचा मोठा गुण वेगळा आहे: नवी माहिती आली की जुना निष्कर्ष मागे घेता येतो. तुमच्या हरिपूरच्या पेवांचं उदाहरण घ्या. जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकते, हा पिढ्यांचा अनुभव होता. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि तो दाखला लंगडा पडला. नुसत्या मागच्या दाखल्यावर चालणारा एजंट पाणी दाराशी आलं तरी ‘पेवात ठेवा’ म्हणत राहिला असता.

आणि खोटेपणा शिकवावा लागत नाही, हे गणपती पेठवाल्यांनी लक्षात घ्यावं. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी वाटाघाट करणारे बॉट, म्हणजे आपसात बोलणारे प्रोग्राम, तयार केले. टोपी, चेंडू, पुस्तकं वाटून घ्यायची, एवढाच खेळ. बॉट आपणहून नको असलेली वस्तू हवीशी असल्याचं नाटक करायला लागले, म्हणजे पुढे ती ‘सोडून’ दुसरं काही पदरात पाडून घेता येईल. रुमालाखालच्या बोटांनीही हा डाव खेळता येतो, शेठ. मुकेपणा म्हणजे खरेपणा नव्हे.

हरिपूरकर

मास्तर, ठिपक्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच विश्वासाचं वेगळं खातं लागतं. साउथॅम्प्टनच्या हुइन्ह, जेनिंग्ज आणि शॅडबोल्ट यांनी २००६ मध्ये ‘फायर’ नावाचं प्रारूप मांडलं. त्यात विश्वासाचे चार झरे आहेत: स्वतःचा आलेला अनुभव, दोघांमधलं नातं किंवा भूमिका, तिसऱ्याची साक्ष, आणि समोरच्यानं स्वतः आणून दाखवलेले इतरांचे दाखले. ‘ओल जास्त’ म्हणणाऱ्या एजंटाचं मागचं रेकॉर्ड वाईट असेल तर त्याच्या कारणाचं वजन तेवढं कमी धरायचं.

गणपती_पेठ

हे शोधायला इंग्लंडात बसावं लागलं होय! आमच्या आजोबांची वही बघा. कुणाशी किती वर्षांचा व्यवहार, कुणाचा जावई कोण, पेठेत त्याच्याबद्दल काय बोलतात, आणि कुणाची चिठ्ठी घेऊन आलाय. चारही झरे आहेत, शिवाय उधारी किती ते वेगळं.

पण त्या वहीतला माणूस पळून जाणार कुठे? त्याचं घर, दुकान, सोयरीक सगळं इथंच. पत गेली की पोराच्या लग्नापर्यंत भोगतो. तुमच्या एजंटाची पत गेली तर तो रातोरात नव्या नावानं उभा राहतो, पाटी कोरी. चार नव्या नावांच्या एजंटांनी एकमेकांच्या साक्षी दिल्या की चौघंही साव. त्याच्यावर तुमच्या फायरकडं काय औषध हाय?

हरिपूरकर

ही दुखरी नस आहे, कबूल. नव्या नावाला सुरुवातीला पत जवळजवळ शून्य द्यायची, मोठा सौदा द्यायचाच नाही, आणि अनामत ठेवून घ्यायची, हे उपाय सुचवले जातात. त्याचा तोटाही उघड आहे: खरोखरचा नवा, प्रामाणिक माणूस त्यात भरडला जातो.

मळ्यातून

मिरज तालुका, दीड एकर हळद. सगळं वाचलं. व्यापाऱ्याचा एजंट, खरेदीदाराचा एजंट, दोघांची पत, दोघांचे युक्तिवाद. आमचा कुठाय? त्येचा एजंट दहा हजार सौदे बघून शिकलेला असणार, माझा वर्षाला एक सौदा. मी ‘ओल नाही’ म्हणलो तर माझं रेकॉर्डच नाही, म्हंजे माझ्या कारणाला वजन न्हाई. आत्ता निदान अडत्याच्या तोंडावर दोन शब्द बोलता येतात.

निवृत्त_मास्तर

दादा, या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. एक वाट दिसते: जे मोजता येतं ते युक्तिवादात ठेवायचंच नाही. ओल, वजन, कुर्कुमिन (हळदीला रंग देणारं द्रव्य) या गोष्टी दोघांनी मान्य केलेल्या तिसऱ्या जागी मोजायच्या आणि ती पावती दोन्ही एजंटांनी निमूट धरायची. मग वाद उरतो तो मुदतीचा, जागेचा, पैसे कधी मिळणार याचा. त्यात तुमचा शब्द त्यांच्याइतकाच चालतो, कारण तुमची गरज तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नसते.

मळ्यातून

मोजायचं यंत्र कुणाच्या दुकानात ठेवणार, मास्तर?

गणपती_पेठ

माझ्या दुकानात नको, त्याच्याही नको. हरिपूरकर, त्या डेमोवाल्याला घेऊन या एकदा. दहा पोती देतो. त्यात दोन पोती ओली मी मुद्दाम घालणार, कुठली ते फक्त या मळ्यातल्या दादांना सांगणार. बघू तुमचे एजंट काय काय कारणं सांगतात.