कातळावर पेंढ्याच्या गठ्ठ्यात भाजी, कोणी केलीय का?

कातळकन्या:
आमचं घर रत्नागिरीकडे कातळावर आहे. परसात जेमतेम चार बोटं माती, खाली सलग जांभा, पहार मारली तर हातालाच झिणझिण्या. वाफे करायचे तर माती विकत आणायची आणि ती पावसात वाहून जाणार. अमेरिकेत पेंढ्याच्या गठ्ठ्यातच रोपं लावतात असे व्हिडिओ बघितले, खाली माती असो नसो. भातकापणीनंतर आमच्याकडे पेंढा हवा तेवढा मिळतो, शेजारच्या काकांची उडवीच (पेंढ्याची रास) असते, पण यंत्राने बांधलेले गठ्ठे इथे कुठून आणू? हाताने बांधले तर चालतील का? आणि मला युरिया नकोय, जीवामृतावर (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पाण्यावर) भागेल का? वांगी, मिरची, पालक एवढं तरी घरचं हवंय.

मिनेसोटाकर:
ताई, ही पद्धत लोकांपर्यंत नेली ते जोएल कार्स्टन इथलेच, मिनेसोटाचे. इथे वसंतातही जमीन गार असते आणि गठ्ठा कुजताना आतून तापतो त्यामुळे रोपं लवकर लावता येतात, म्हणून लोक त्याच्या मागे. तुम्हाला त्या उबेचा उपयोग नाही, पण माती लागत नाही हा फायदा मात्र पूर्ण तुमचा.

गठ्ठा कापलेली टोकं वर येतील असा ठेवायचा म्हणजे पाणी आत उतरतं. पहिले तीन दिवस नुसतं पाणी, चिंब. पुढचे तीन दिवस रोज गठ्ठ्याला अर्धी वाटी युरिया आणि वरून पाणी, नंतरचे तीन दिवस पाव वाटी, मग एकदा मूठभर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत). आत तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जातं कधीकधी. हात खुपसून बघा, कोमट लागलं की रोप लावायचं, गरम असताना मुळं भाजतात. वर अळंबीसारख्या छत्र्या उगवतील, त्या गठ्ठा कुजत असल्याची खूण, रोपाला त्रास नाही पण खाऊ नका.

राजापूरचा_शेतकरी:
भाताचा पेंढा चालतो, थोडा चिवट असतो, कुजायला वेळ घेतो इतकंच. गठ्ठ्यासाठी फळ्यांचं बिनबुडाचं खोकं करा, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, आत आधी दोऱ्या आडव्या टाका, पेंढा उभा रचत जा आणि बाजूने फळी लावून दाबून दाबून कचकचीत आवळा. सैल राहिला तर पाणी थांबत नाही आणि महिन्याभरात बसतो. सुतळी नको, ती पेंढ्याच्या आधी कुजते, नायलॉनची घ्या.

आता महत्त्वाचं. युरिया टाकलेला गठ्ठा गुरांच्या तोंडाला लागता कामा नये. पोटात युरियाचा अमोनिया होतो आणि जनावर दगावू शकतं. आमच्याकडे कापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, त्यांना पेंढा दिसला की ती येणारच, तेव्हा आधी कुंपण आणि मग गठ्ठा. वाळवीवरही नजर ठेवा, रोज ओलं राहिलं तर ती फारशी येत नाही.

सेंद्रिय_परसबाग:
युरिया कशाला, जीवामृत घाला की. गोमूत्र, शेण, गूळ, बेसन, सगळं घरचं.

मिनेसोटाकर:
दादा, जीवामृताला माझा विरोध नाही, पण इथे प्रश्न नत्राचा (नायट्रोजनचा) आहे. पेंढ्यात कार्बन भरमसाट आणि नत्र अगदी थोडं. कुजवणारे जीवाणू मिळेल ते नत्र आधी स्वतः घेतात, रोपाला उरत नाही आणि पानं पिवळी पडतात. जीवामृतात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, म्हणजे जीवाणू भरपूर आणि नत्र नावापुरतं. युरियात ४६ टक्के असतं, शेंगदाण्याच्या पेंडीत साधारण ७. म्हणजे ताईंना युरिया नकोच असेल तर पेंड भिजवून साधारण साडेसहापट घालावी लागेल, आणि घाई न करता गठ्ठा कुजायला जास्त दिवस द्यावे लागतील. जीवामृत त्याच्या जोडीला घाला, एकट्याने भागणार नाही.

कातळकन्या:
पेंडीचाच मार्ग धरते, म्हणजे शेजारच्या गुरांचीही धास्ती नको. पालकाचं बी थेट गठ्ठ्यात पडलं तर खाली घरंगळणार ना? आणि पावसाळ्यात करता येईल का हे?

राजापूरचा_शेतकरी:
पालकासाठी वर दोन बोटं शेणखत आणि माती पसरा, त्यात बी टाका. पावसाळ्यात नको, आपल्या पावसात घातलेलं सगळं खत धुऊन जातं. दिवाळीच्या आसपास गठ्ठे मांडा, नवा पेंढा तेव्हाच मिळतो. वांगी-मिरचीचं बी मात्र दसऱ्यालाच ट्रेमध्ये टाका, गठ्ठा तयार होईपर्यंत रोपं लावण्याजोगी होतात. पाण्याचं आधीच बघा, गठ्ठा मातीपेक्षा लवकर सुकतो, मार्चमध्ये तुमच्या विहिरीला पाणी असेल तेवढेच गठ्ठे मांडा.

मिनेसोटाकर:
आणि पहिल्या वर्षीचा कुजलेला गठ्ठा फेकू नका, मेच्या अखेरीस दगडांचा बांध घालून त्याच्या आत पसरा आणि झावळ्यांनी झाका. पुढच्या वर्षी पालकाला तीच माती होईल.